चतुराबाईंचा तवा

चतुराबाईंनी आधी फायदा बघितला, मंग पायात चप्पल घातली. मागल्या वर्षी सुनेचं, साक्षीचं, तिसऱ्या महिन्यात पडून गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहण्याआधीच तिला कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात दाखवलं तर नातवंड पदरात पडेल, वर ‘सुनेला लेकीवाणी जपते’ असं गल्लीत नाव होईल. बाजाराचा दिवस धरला, म्हणजे भाजीही होईल. आपलं जाणार काय, तर अर्धा दिवस!

अर्पिता डॉक्टर साक्षीला विचारत, उत्तरं चतुराबाई देत.

“झोप लागते का?”

“लागती की. हलवून उठवावं लागतं.”

“मन उदास राहतं?”

“उदास कशाला? घरात टीव्ही हाय.”

“तंबाखूचं व्यसन?”

“बिलकुल न्हाई!”

“दात कशानं घासता?”

“मिसरीनं,” चतुराबाई फुलल्या. “मीच भाजते तव्यावर. आख्खी गल्ली डब्या घेऊन येती.”

“मिसरी कशाची असते, मावशी?”

“तंबाखूचीच की. पण आम्ही थुकतो, मॅडम. खाणारे निराळे.”

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. “मावशी, तुमचंही बीपी बघून घेऊ,” म्हणत त्यांनी चतुराबाईंना शेजारच्या खोलीत धाडलं आणि दार लोटून घेतलं.

मंग साक्षी बोलली. झोप लागत नव्हती. पोटातलं गेल्यावर घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त सासूबाई रोज सकाळी ओट्यावर बोलवायच्या, तळहातावर मिसरीची चिमूट ठेवायच्या, आणि दोघी गपचूप दात घासत बसायच्या. “तेवढंच कुणी जवळ बसायचं, मॅडम. आता घासली न्हाई की डोकं धरतं. सोडायचीय मला. बाळ पाहिजे. पण आत्याबाईंनी हातावर ठेवलेलं न्हाई कसं म्हणू?”

“घरात काही त्रास? कुणी हात उगारतं?”

“न्हाई, तसं काही न्हाई.”

“मग हे मी सांगू त्यांना?”

साक्षीनं मान डोलावली.

आत आलेल्या चतुराबाईंना डॉक्टर म्हणाल्या, “बाळासाठी हिची मिसरी आधीच सुटायला हवी. पण तुमचा तवा तापला, वास सुटला, की हिला राहवणार नाही. तुम्ही पण सोडा.”

“मी? माझं बाळंतपण व्हायचंय का आता?”

“आणि सकाळी जवळ बसणं मात्र सोडू नका. तुमच्या सुनेला त्याचाच आधार आहे.”

चतुराबाईंनी पिशवी उचलली. बाजारात त्यांनी भाजी घेतली, घासाघीस न करता. साक्षी घाबरली.

दुसऱ्या सकाळी शेजारची झुंबरबाई डबी घेऊन दारात. “चतुरे, तवा?”

“भाकरीला लावला.”

“आन् मिसरी?”

“संपली. ह्या घरातून कायमची संपली. थुकून थुकून ओटा काळा केला, तेवढं बास.”

झुंबरबाई फणकारून गेली. चतुराबाईंचं डोकं असं ठणकलं की त्यांचे मालक रामकिसन चार दिवस शेतातच जेवले. पण सकाळी त्या ओट्यावर बसायच्याच. चिमूट बडीशेप साक्षीच्या हातावर, चिमूट आपल्या तोंडात. पाचव्या दिवशी त्यांनी आपणहून विषय काढला, “ते गेलेलं लेकरू... मलाबी सपनात येतं गं.” साक्षी रडली, त्या रात्री झोपली.

बाळाचं अजून काही नाही. साक्षी दर बाजारी दवाखान्यात जाते, बोलून येते. आतापर्यंतचा जमाखर्च एवढाच: साक्षीला झोप मिळाली, ओट्याला मूळचा रंग मिळाला. आणि खर्च? साक्षीनं दिली एका वर्षाची सवय. चतुराबाईंनी दिली उभ्या जन्माची, वर गल्लीतला मान. फुकटात नातवंड घ्यायला निघालेल्या बाईनंच सगळ्यांत जास्त मोजलं.