पहिली तीन मिनिटं

माझ्या भाचीच्या पहिल्या पिक्चरची पहिली तीन मिनिटं मी शूट केली होती आणि, खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली होती. निळा प्रकाश, तिरका कॅमेरा, पॅसेजमधून जमिनीलगत सरपटत जाणारा शॉट, आणि त्याखाली माझ्या भावोजींनी घातलेले धाडधाड ढोल. थरारपट आहे ना, मग पहिल्या सेकंदाला माणूस टरकला पाहिजे, असं माझं मत. तीस वर्षं कॅमेरा खांद्यावर वागवलाय, मला कोण शिकवणार!

निर्मात्याने शिकवलं. त्याने ती तीन मिनिटं पाहिली, मध्येच दोनदा फोन बघितला आणि भाचीला म्हणाला, "ह्यात तू कुठे आहेस? मामा कॅमेरा नाचवतोय, बाप ढोल बडवतोय. दोन म्हातारे मिळून पिक्चर चालवतायत आणि तू खुर्चीत बसलीयस. उद्या चार वाजेपर्यंत नवीन सुरुवात दाखव. नाही जमलं तर दुसरा दिग्दर्शक तयार आहे माझ्याकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचवतोय म्हणे! तोंड उघडणार तेवढ्यात भाचीने माझं मनगट धरलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो बरोबर बोलला, मामा. तू आणि बाबा प्रेक्षकाच्या कानाशी ओरडताय, घाबर, घाबर, घाबर. असं सांगून कोणी घाबरतं का?"

भावोजी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. हा माणूस साउंड करतो, मी कॅमेरा, आणि आमचं पंचवीस वर्षं जुंपलेलं. ते म्हणणार, "पिक्चर निम्मा कानाने बघतात." मी म्हणणार, "मग रेडिओवर जा की!" बहीण बिचारी दोघांना वाढताना मध्ये बसायची. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मला भांडायचंही सुचलं नाही. चार वर्षं पोरीने त्या पिक्चरसाठी जिवाचं रान केलं होतं, आणि तो जाणार होता आमच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही एका भाड्याच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. भाचीचं फर्मान असं: कॅमेरा एका जागी. ढोल नाही, संगीतच नाही. प्रकाश साधा, सकाळचा. नायिका सिंकपाशी दाराकडे पाठ करून उभी राहून कप धुणार आणि फोनवर बहिणीशी बोलणार. मागे दार, अर्धवट उघडं.

"आणि मी काय करू?" मी विचारलं. "खुंटीसारखा उभा राहू?"

"हो," ती म्हणाली.

आमचा लाइटवाला म्हणजे ढापण्या. साठीचा झाला तरी हेच नाव, चष्म्यामुळे पडलेलं. त्याचं काम बघत राहावं. आधी त्याने घरातला दिवा न् दिवा बंद केला आणि दहा मिनिटं नुसता उभा राहिला. मग खिडकीबाहेर एकच मोठा दिवा लावला, त्यावर पातळ पडदा धरला, आणि ओट्यावर असं ऊन सांडलं की मला वाटलं खरंच उन्हं आली. कपाची कड चमकली, स्टीलचा नळ चमकला. दाराकडे मात्र त्याने काही म्हणजे काही केलं नाही. "तिथे काळं पडतंय रे," मी म्हटलं. "पडू दे. इकडचं इतकं गोड दिसतंय की तिकडे नजर जाणारच," तो म्हणाला. काय माणूस आहे!

दुपारच्या जेवणापर्यंत सात टेक झाले. सातही स्वच्छ. चौथा सुरू व्हायच्या आधी मी हळूच, अगदी केसभर, कॅमेरा पुढे सरकवला. "मामा, हात!" ती मॉनिटरवरून नजर न हलवता ओरडली. पाचव्यानंतर भावोजी म्हणाले की असा नितळ आवाज त्यांनी जन्मात पकडला नव्हता. ती म्हणाली, "नितळ आहे, बाबा. पण मेलेला आहे." साउंडवाल्याला हे सांगायला धाडस लागतं, आणि ती तर त्यांची मुलगी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. स्वयंपाकघरात शूटिंग असलं की भावोजी बूट काढायच्या आधी फ्रिज बंद करतात. त्याची घरघर बोलण्यात मिसळते म्हणून. सकाळी त्यांनी तो बंद केलाच होता. जेवताना मालकिणीचं दूध नासू नये म्हणून परत चालू केला, आणि जेवणानंतर बंद करायला विसरले. तीस वर्षांत पहिल्यांदा! कानाला हेडफोन होते, पण लक्ष सगळं पोरीच्या तोंडाकडे.

आठवा टेक. नायिका कप धुतेय. "हो गं, घरीच आहे," ती फोनवर म्हणते. "नाही, एकटीच." आणि नेमका त्याच क्षणी फ्रिज गप्प झाला. आपोआप होतो तसा, एक बारीकसा हिसका देऊन.

घरात आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. नायिकेने मान वर केली. अभिनय नव्हता तो, बाई खरंच चमकली. आणि माझा हात, देवाशपथ सांगतो, मी नाही हलवला, तो आपला आपण दाराकडे वळला. कॅमेरा त्या अंधाऱ्या फटीवर जाऊन थांबला. तिथे काहीही नव्हतं.

"कट," भाची म्हणाली.

भावोजींनी हेडफोन ओरबाडून काढले. "अरे देवा, फ्रिज!" "सॉरी गं बाळा. सगळ्या बोलण्यावर घरघर आलीय."

"माझाही हात हलला," मी पुटपुटलो. आम्ही दोघं शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे उभे.

ती मॉनिटरपाशी गेली. एकदा बघितलं, मग डोळे मिटून नुसतं ऐकलं. "हाच," ती म्हणाली. "पॅक अप."

भावोजी हवालदिल. "निदान घरघर साफ करू दे! लोक मला हसतील."

"हात लावायचा नाही तिला," ती म्हणाली. एडिटिंगला तर तिने कमालच केली. काळ्या पडद्यावर नावं येतात तिथपासूनच ती घरघर सुरू केली, इतकी हळू की दोन मिनिटांत कान तिला विसरून जातो. आणि दारावरचा शॉट? मी म्हटलं, चार सेकंद पुरे. तिने नऊ ठेवले. सहाव्या सेकंदाला माझ्या, तो शॉट स्वतः घेणाऱ्या माणसाच्या, अंगावर काटा आला.

चार वाजता निर्मात्याच्या ऑफिसात आम्ही तिघं. त्याने लावलं. फोन हातातच होता. "एकटीच," नायिका म्हणाली, घरघर थांबली, आणि त्या गृहस्थाने मान वळवून स्वतःच्या केबिनच्या दाराकडे बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने विचारलं, "फ्रिज थांबवायचं डोकं कोणाचं?"

"हिचंच!" मी ठोकून दिलं. भावोजींनीही मान डोलावली; आयुष्यात खोटं न बोललेला माणूस!

"नाही सर," भाची म्हणाली. "फ्रिज बाबांच्या चुकीने चालू राहिला. कॅमेरा मामाच्या चुकीने हलला."

मला वाटलं, संपलं. पोरीने स्वतःच्या हाताने घालवलं.

निर्माता खुर्चीत रेलला. "म्हणजे परत दोन म्हातारेच. मग तू काय केलंस?"

"सात चांगले टेक फेकले," ती म्हणाली. "आणि हा ठेवला."

निर्मात्याने फोन उचलून कोणाला तरी सांगितलं, "त्या दुसऱ्या दिग्दर्शकाला कळव, यायची गरज नाही." फोन बंद करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "परत लाव."

मला राहवेना. भावोजींच्या पाठीत जोरात थाप मारली आणि म्हटलं, "भावोजी, बघितलंत? बघितलंत का पोरगी!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही.

"मामा, बाबा," भाचीने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "गप्प बसा. चालू आहे."

आम्ही गप्प बसलो.