नाव खोडलेला नमुना

मित्रांनो, मी परभणीच्या एसटी स्टँडसमोरची एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. नवी होते तेव्हा दुकानाचे मालक बन्सीधरकाकांनी मला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. "हिची कॉपी म्हंजे अस्सलच!" असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. आता माझा आवाज खरखरतो. कागद अडकला की काका पाठीत गुद्दा घालतात. तेही मी सोसते. पण एक कॉपी मला आजही सलते.

शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, हे जो तो काकांना विचारायचा. कंटाळून त्यांनी झेरॉक्सला आलेल्या सुकेशनी नावाच्या कॉलेजच्या पोरीच्या भरलेल्या अर्जाची एक जादा कॉपी माझ्याकडून काढली, नाव काळ्या पेनने खोडलं आणि 'नमुना' म्हणून दुकानाच्या काचेवर चिकटवली. त्या कॉपीचा फोटो गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला.

आठव्या दिवशी सुकेशनी आली. नेहमी हसरी पोर, पण आज ओठ घट्ट मिटलेले.

"काका, तो नमुना काढा. घरी अनोळखी पोरांचे फोन यायलेत. बाबा म्हणायलेत, उद्यापासून कॉलेज बंद."

"आगं, नाव खोडलंय की मी!"

"नाव खोडलं, पण गाव पोखर्णी, बारावी सायन्स, घरचा मोबाईल नंबर, सगळं तसंच हाय. आमच्या गावातून सायन्सला इथं येणारी मी एकटीच!"

रांगेतले माणिकराव हसले. "मंग बन्सीधर, पोरीचा फोटोच लावायचा व्हता की!"

काका ओशाळले. सुकेशनी हटली नाही.

"कायदा नुसतं नाव धरत न्हाई, काका. ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो, ती सगळी त्याची वैयक्तिक माहिती. ग्रुपवर टाकायच्या आधी मला विचारलं का तुमी?"

काकांनी कागद उतरवला, ग्रुपवरचा फोटो डिलीट केला. तेवढ्यावर ती हलेना, तेव्हा तिच्या वडिलांना फोन लावला.

"नागसेनभाऊ, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. तिचं कॉलेज बंद करू नका."

"पोरीला द्या फोन," पलीकडून आवाज आला. मग फोन सुकेशनीकडे गेला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला.

"बाबा म्हणले, साडेपाचची गाडी चुकवू नको. आन् उद्या सकाळचीबी!"

मित्रांनो, माझ्या काचेवर ठेवाल ते मी छापते. हा कागद कुणाचा, त्याला चालेल का, हे मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.