माझं वजन तेवढं लिहा

मी हवेत बसलेली कांस्यमूर्ती बोलतेय. खरं सांगायचं तर मी हवेत बसलेली नाही. माझ्या पदराचं एक टोक चौथऱ्याला टेकलंय आणि त्यातून पोलादी सळई खाली गेलीय. पण बघणाऱ्यांना ती दिसत नाही. मांडी घालून, डोळे मिटून मी तरंगतेय असंच सगळ्यांना वाटतं.

शिल्पकार बाईंनी मला आधी मेणात घडवलं. ओतारीदादांनी त्या मेणावर माती लिंपली, भट्टीत मेण वितळवलं आणि त्या जागी कांसं ओतलं. धातू त्यांनी स्वतः तोलला होता. साचा फोडल्यावर माझ्या नाकपुड्यांतली माती त्यांनी काडीने कोरून काढली. पुढे तीन महिने मला घासताना ते माझ्याशी गप्पा मारायचे. म्हणायचे, "बाई गं, आता फुंकर मारली तरी उडशील तू."

मला प्रदर्शनाला न्यायच्या दिवशी उचलायला चौघं हवे होते. दोघं आलेच नाहीत. टेम्पोवाल्याला घाई झाली होती. तो म्हणाला, "दादा, एवढीशी तर आहे. दोघांत होईल."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी जड दिसायला हवं होतं हो! पण मी मेली दिसले पिसासारखी. ज्याने मला ओतलं, तोच फसला.

टेम्पोच्या फळीवरून मी कलंडले ती थेट त्यांच्या डाव्या पायावर. तीन बोटं गेली. मला साधा ओरखडाही आला नाही. आता त्यांना भट्टीसमोर फार वेळ उभं राहवत नाही.

उद्घाटनाला बाई म्हणाल्या, "हिला वजनच नाही. ही म्हणजे निव्वळ श्वास आहे." टाळ्या पडल्या. माझ्या मिटल्या डोळ्यांना लोक समाधी म्हणाले. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

परवा दुपारी दादा आले, काठी टेकत, बायकोला घेऊन. त्यांनी सवयीने माझ्या गुडघ्याकडे हात नेला. पहारेकरी ओरडला, "काका, हात लावू नका!" त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

काकू मला शिव्या घालायलाच आल्या असणार. पण बघतच राहिल्या. "अहो, ही तर खरंच तरंगतेय!"

"मग? उगाच नाही तीन महिने घासली." दादांचा चेहरा फुलला.

"आणि हिच्याखाली तुमचा पाय सापडला?"

"हळू बोल गं. लोक म्हणतील, ओतारी असून वजन कळलं नाही." आणि त्यांनी डावा पाय हळूच उजव्याच्या मागे लपवला.

लाज मला वाटायला हवी, आणि ती ते वाहतायत. मला तोंड उघडता आलं असतं तर पहारेकऱ्यापासून बाईंपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं, की त्यांना मीच फसवलं.

माझ्या पाटीवर बाईंचं नाव आहे, धातू आहे, उंची आहे. वाचणाऱ्यांनो, तिथे ओतारीदादांचं नाव घाला आणि माझं वजनही लिहा. एकशे ऐंशी किलो.

आणि कधी मला हलवायची वेळ आलीच, तर कितीही हलकी दिसले तरी चौघं या.