डाव्या वळणाची

मित्रांनो, मी एक जुनी गोगलगाय आहे, आणि माझा शंख डावीकडे वळतो. त्याची मला लाज नाही. आधीच सांगून ठेवते, कारण माझी कहाणी ऐकताना लोक उगीच चुकचुकतात.

पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ बेटावर, रानकेळीच्या पानाखाली माझा जन्म झाला. माझ्या पणजीच्या काळी आमच्या खोऱ्यात उजव्या वळणाच्यांचंच राज्य होतं. इथे नवरीच्या गळ्यात आमच्या शंखांची माळ घालतात. सगळे शंख एकाच बाजूला कलले पाहिजेत, नाहीतर माळेला पीळ पडतो. म्हणून बायका उजव्या तेवढ्या टोपलीत टाकायच्या आणि डावी दिसली की नाक मुरडून पानावर परत ठेवायच्या. माळ ओवणाऱ्या तेउरानं मलाही एकदा असंच "वाकडी मेली" म्हणून सोडलं होतं. वाकडी तर वाकडी, जीव तर वाचला!

पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. शंख रिकामे करायला उजव्या उकळत्या पाण्यात गेल्या, डाव्यांची पिल्लावळ वाढली. त्यात डावी-उजवीचं अंगाला अंग जुळत नाही, त्यामुळे सोयरीक जवळजवळ बंदच. थोड्या उजव्या उरल्या त्या पलीकडच्या खोऱ्यात. अशा वाटा फुटत फुटतच एका जातीच्या दोन होतात. आम्ही अजून झालो नाही, पण त्या वाटेला लागलो होतो खऱ्या.

मग तेउराची नणंद मोएआ, तिच्या मुलीचं लग्न ठरलं. तेउरानं दोन्ही खोरी पालथी घातली, पण उजवी एक मिळेना. मोएआ म्हणाली, "वहिनी, मग सगळ्या डाव्याच ओव की. एका बाजूला कलल्या म्हणजे झालं."

झालं! टोपली आम्हां डाव्यांनी भरली. चुलीवर पाणी उकळत होतं आणि मी वरच होते. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं नावं ठेवलीत, आणि आता गळ्यात हवी?

तेउरानं मला उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"उजव्या माझ्या आईनं संपवल्या, उरल्यासुरल्या मी," ती म्हणाली. "आता ह्याही उकळल्या, तर तुझ्या नातीच्या गळ्यात काय घालू? दगड?"

तेउरानं स्वतःच्या लग्नाची माळ पेटीतून काढून भाचीच्या गळ्यात घातली, आणि आम्हांला परत रानात सोडलं.

मित्रांनो, आमच्यात अंडी नाहीत, जिवंत पिल्लू होतं. त्याचं वळण आईच्या रक्तावरून ठरतं, पण आईच्या रक्तात असतं ते तिच्या शंखावर दिसतंच असं नाही. गोगलगाय आणि पोटात पाय, असं तुम्हीच म्हणता ना? परवा मला पिल्लू झालं. उजव्या वळणाचं.

तुम्ही संपवलेलं वळण मी पोटात सांभाळून होते. तेव्हा टोपली घेऊन याल, तर कुणाला वाकडी म्हणू नका आणि कुठल्याच वळणाच्या सगळ्याच्या सगळ्या वेचू नका. माझं पिल्लू त्या पानाखाली आहे. हात लावून तर बघा.