कच्चा टाका

मास्तरांचा टाका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं, पण उसवलं म्हणून कुणी परत आलं नाही. याचा त्यांना भारी तोरा. म्हातारपणी हाच तोरा त्यांच्या मुळावर आला.

दुकान बंद झालं आणि मास्तर मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. मुलगा-सून सकाळीच कामावर जात. मास्तर दिवसभर भिंतींशी बोलत, जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली, ‘बटणं फुकट लावून मिळतील.’ माणसं आली, घटकाभर टेकली, गप्पा मारून गेली ती गेलीच. टाका पक्का, मग परत कशाला येतील? तेव्हा मास्तरांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पंधरा दिवसांत निखळावीत अशी बटणं लावायला घेतली.

युक्ती लागू पडली. खालच्या नर्सबाई तिसऱ्यांदा आल्या, पोस्टमन चौथ्यांदा. मास्तर रोज दाढी करू लागले. दोन घास जास्त जाऊ लागले.

पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? ‘मास्तरांचा हात गेला’, ही कुजबुज जिना चढून मुलाच्या कानावर गेली.

“बाबा, पुरे आता,” तो म्हणाला. “लोक हसतात. उद्या पाटी काढतो.”

पाटी गेली की माणसं गेली. पण गयावया करतील ते मास्तर कसले! त्यांनी मुलाच्या अंगातल्या शर्टाचं बटण कापलं आणि तिथल्या तिथे नव्यानं लावलं.

“ओढ.”

मुलानं दोन्ही हातांनी ओढलं. शर्ट चुरगळला, बटण हललं नाही.

“मग लोकांची का निघतात?” सुनेनं विचारलं.

“मीच कच्ची लावतो,” मास्तर ताठ मानेनं म्हणाले. “मला बोलायला माणूस लागतं गं.”

मुलगा खाली मान घालून आत गेला. पाटी मात्र जागेवरच राहिली.

रविवारी तो तोच शर्ट घेऊन आला आणि मास्तरांसमोर खुर्ची ओढून बसला.

“बाबा, तुमचं पक्कं बटण निघालं बघा.”

मास्तरांनी दोरा बोटावर घेतला. झिजला नव्हता, कात्रीनं सरळ कापलेला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढली.

“वेळ लागेल हो याला,” ते म्हणाले. “बस निवांत.”