साक्ष चालू असताना

प्रणिताला दिसत नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी डोळे गेले आणि तेव्हापासून कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही येईल ते एक यांत्रिक आवाज तिला हेडफोनमध्ये वाचून दाखवायचा. त्या आवाजाच्या भरवशावर मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत बसून ती दुभाष्याचं काम करायची. कामधंद्यासाठी दिल्लीकडे आलेली मराठी माणसं हॉस्पिटलमध्ये, कोर्टात, सरकारी कचेऱ्यांत अडायची. व्हिडिओ कॉलवरून त्यांचं मराठी ऐकायचं आणि समोरच्याला हिंदीत सांगायचं, हे तिचं काम.

त्या दिवशी सकाळी फरीदाबादच्या कामगार कचेरीत पार्वती इंगळेची साक्ष होती. पार्वती बुलढाण्याकडची. नवऱ्यामागोमाग फरीदाबादला आली आणि पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर लागली. होळीच्या सुमारास त्या प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडाशी एक जाळी असते. अपघात झाला तेव्हा ती जाळी जागेवर नव्हती. कारखान्याचं म्हणणं होतं, बाईनं ती स्वतःच काढली, चूक तिचीच. पार्वतीचं काय म्हणणं होतं, ते आजवर कोणी धड ऐकूनच घेतलं नव्हतं. तिचं हिंदी भाजीबाजारापुरतं.

मागच्या तारखेला कारखान्याच्या वकिलानं एक हरकत घेतली होती. "ये मैडम देख नहीं सकतीं, सर. गवाह हाथ से कुछ दिखाएगी, तो ये क्या समझेंगी?" चौकशी अधिकारी भल्ला साहेब तेवढ्यावर "देखते हैं" म्हणाले होते आणि पुढची तारीख दिली होती. ते 'देखते हैं' प्रणिताच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. आज कुठेही अडखळायचं नाही, असं ठरवूनच ती टेबलाशी बसली.

पार्वती आधी हो-नाहीच्या पुढे जाईना. भल्ला साहेब विचारत, प्रणिता मराठीत सांगे, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येई. मग पार्वतीनंच विचारलं, "ताई, तुमी कुठल्या?"

"मी इथलीच, दिल्लीची. माझी आई खामगावची," प्रणिता म्हणाली. आपण काय बोललो ते तिनं साहेबांनाही लगेच हिंदीत सांगितलं.

"खामगाव!" पार्वतीच्या आवाजातला ताण सैल झाला. "तं मंग तुमाले माहं बोलनं समजन."

आणि ती बोलायला लागली. सकाळची पाळी कशी लागली, नेहमीचं मशीन बंद होतं म्हणून दुसऱ्यावर कसं उभं केलं, सगळं ओळीनं. प्रणिता एकेक वाक्य हिंदीत करत होती. मशीनच्या तोंडाबद्दल सांगताना एकदा पार्वती म्हणाली, "इतकी जागा व्हती," तेव्हा प्रणितानं थांबवून विचारलं, "इतकी म्हणजे केवढी, ते बोलून सांगा." पार्वती म्हणाली, "मनगट जाईन एवढी." वकिलाला हरकत घेता आली नाही. प्रणिताला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात हेडफोनमध्ये टिंग झालं आणि तो यांत्रिक आवाज पार्वतीच्या बोलण्यावर चढून वाचू लागला: "अपडेट पूर्ण करण्यासाठी हा कॉम्प्युटर पंधरा मिनिटांत रीस्टार्ट होईल."

हे कसं शक्य आहे? अपडेट प्रणितानं स्वतः थांबवून ठेवलं होतं. मागे एका अपडेटनंतर वाचून दाखवणारा आवाजच दोन दिवस बंद पडला होता. तेव्हापासून काम नसेल अशा दिवशी स्वतः बसून अपडेट करायचं, असा तिचा शिरस्ता होता.

"मैडम? क्या कहा इन्होंने?" भल्ला साहेब विचारत होते.

पार्वतीचं एक अख्खं वाक्य निसटलं होतं. अंदाजानं काहीतरी जोडून देणं सोपं होतं. पण ते तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"सर, मैं एक वाक्य सुन नहीं पाई. दोबारा पूछना पड़ेगा."

वकील खाकरला. त्या खाकरण्यातच सगळं आलं.

पार्वती पुन्हा सांगू लागली. प्रणिताचा एक हात कीबोर्डवर गेला. सूचना शोधायला गेली तर ती एव्हाना पडद्यावरून नाहीशी झाली होती. सेटिंग्ज उघडावं तर तो आवाज एकेक ओळ वाचणार, आणि वाचणार तो पार्वतीच्या बोलण्यावरूनच. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तिनं सेटिंग्ज उघडलं, बाणाची कळ दाबत खाली गेली. 'अपडेटचा इतिहास.' 'प्रगत पर्याय.' तोवर पार्वतीचं पुढचं वाक्य सुरू झालं आणि तिनं हात मागे घेतला.

"सर, पाच मिनट का विराम मिल सकता है?"

"अभी तो गवाह बोलने लगी है, सर," वकील लगेच म्हणाला. "और मैडम को दिक़्क़त हो, तो मैंने पिछली बार कहा ही था."

"बस, यही हिस्सा पूरा कर लेते हैं," भल्ला साहेब म्हणाले.

कारण सांगून टाकावं, असं प्रणिताच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण 'मशीन ऐनवेळी बंद पडतंय' म्हटलं की ऐकणारा 'ही बाई चालणार नाही' असंच ऐकणार, ही भीती तिच्या हाडीमाशी मुरलेली होती. ती गप्प बसली. त्यातल्या त्यात साक्ष लवकर उरकेल, एवढीच आशा.

साहेबांनी मुख्य प्रश्न विचारला: मशीनवर आलात तेव्हा जाळीचं काय झालं होतं? प्रणितानं तो मराठीत विचारला. पार्वती थांबली. तिनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

आणि सगळं शांत झालं.

साधी शांतता नव्हती ती. हेडफोनमधली बारीक घरघरही गेली होती. प्रणितानं हात लांब करून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला. आत पंखा फिरत होता. म्हणजे अपडेट चालू होतं, आणि ते चालू असताना वाचणारा आवाज नसतो. अर्धं झालंय की आत्ता कुठे सुरू झालंय, कळायला मार्ग नाही. दिसणाऱ्याला निदान आकडा तरी दिसतो.

तिनं फोन चाचपला आणि कचेरीतल्या क्लार्कबाईंना लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मध्येच तिनं गौरवला, नवऱ्याला, लावला. तो ऑफिसला निघालेला, मेट्रोत होता.

"गौरव, कॉम्प्युटरला तू हात लावला होतास?"

"रविवारी. अपडेट ऑटोमॅटिक करून दिलं, यार. आमच्या ऑफिसातल्या सुयशच्या घरी व्हायरस आला, सगळ्या फाइली गेल्या त्याच्या. तुझं किती दिवस अडकून पडलेलं, म्हणून जे लवकरात लवकर होईल ते..." आवाज तुटला. "का? काय झालं?"

तिनं उत्तर न देता फोन ठेवला आणि पुन्हा क्लार्कबाईंना लावला. या वेळी घंटी गेली.

"अरे मैडम, आप तो कट गईं! यहाँ तो आगे चल पड़ा."

"कैसे चल पड़ा? मुझे स्पीकर पर रखिए, प्लीज़. अभी."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून, विहिरीतून यावेत तसे आवाज येत होते. एक नवा पुरुषी आवाज सांगत होता, "ये कह रही हैं कि जब मैं आई, तब जाली निकाली थी." तो कारखान्याचा मॅनेजर होता, पुण्यात काही वर्षं काढलेला. बाई बोलायच्या थांबू नयेत म्हणून तेवढ्यापुरतं त्याला हिंदीत सांगायला बसवलं होतं. आणि भल्ला साहेब टायपिस्टला मजकूर सांगत होते: "लिखिए. ड्यूटी पर आते ही मैंने जाली निकाली."

प्रणिता खुर्चीतून उठलीच. "सर! ये मत लिखिए. सर, मैं प्रणिता, इंटरप्रेटर!"

"मैडम, आप बीच में से चली गईं, अब..."

"मेरा कंप्यूटर रीस्टार्ट हो गया, सर. मुझे पंद्रह मिनट पहले पता था, मुझे तभी बताना चाहिए था. वह मेरी ग़लती है. पर ये वाक्य ग़लत जा रहा है."

वकिलाला आयतंच सापडलं. दुभाषी मधूनच गेली, गेल्यानंतर फोनवरून हरकत घेते, या साक्षीला अर्थ काय, असं तो मोठ्यानं बोलू लागला. त्याचं होईपर्यंत प्रणिता भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "सर, इनके असली शब्द एक बार सुनवा दीजिए. पार्वतीबाई, मघाशी काय म्हणालात, तसंच म्हणा. एक शब्द बदलू नका."

लांबून पार्वतीचा आवाज आला. "म्या आली तवा जाळी काढेलच व्हती."

"सर, 'काढेल व्हती' मतलब निकली हुई थी, पहले से. किसने निकाली, ये इन्होंने अभी कहा ही नहीं है."

"पूना में तो मैंने ऐसा कभी नहीं सुना," मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तो खरंच गोंधळला होता.

"पूना का नहीं है. बुलढाणा की बोली है. मेरी माँ ऐसे ही बोलती हैं. आप मेरी बात मत मानिए, सर. इनसे सीधा पूछिए कि जाली किसने निकाली."

कचेरीतला पंखा फोनमधून ऐकू येत होता. भल्ला साहेबांनी टायपिस्टला थांबवलं. मग म्हणाले, "वह लाइन काटिए. पूछिए, मैडम."

"पार्वतीबाई, जाळी कोणी काढली?"

"सुपरवायझरनं. माल लवकर निघावा म्हून काढून कोपऱ्यात ठेवेल व्हती. म्या म्हटलं बी त्याले, दादा, बसवून दे. तो म्हने, कर तू."

प्रणितानं शब्दाला शब्द सांगितलं. टायपिस्टच्या बोटांची टकटक सुरू झाली आणि या वेळी ती कोणी थांबवली नाही.

संध्याकाळी गौरव आला तेव्हा ती त्याच टेबलाशी बसलेली होती. काय घडलं ते ऐकून तो खाली बसला.

"मला वाटलं, तुला कशाला त्रास. एका क्लिकचं तर काम."

"मला विचारायचा त्रास तुला नको होता, गौरव. तुझ्या लॅपटॉपमध्ये मी असं काही केलं असतं, तर?"

"पण महिनाभर अपडेट थांबवणं पण बरोबर नाही ना. उद्या खरंच काही घुसलं असतं, तर?"

त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. "बिल्कुल. मग तसं मला म्हणायचं. भांडलो असतो. पण माझं मशीन माझ्या पाठीमागे बदलायचं नाही. तिकडे एका बाईच्या तोंडी नको ते वाक्य घातलं जात होतं, आणि मी इथे डब्यावर हात ठेवून बसले होते."

गौरवनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. तो म्हणाला, "सॉरी. मी परत आधीसारखं करून देतो."

"नको. मी करते. तू बस."

तिनं हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घेतला. गौरवला त्यातलं अक्षरही कळेना, इतक्या वेगानं तो यांत्रिक आवाज वाचत होता. तिची बोटं मात्र त्याच्या पुढे पळत होती. 'शक्य तितक्या लवकर रीस्टार्ट करा', हे तिनं बंद केलं. कामाच्या वेळा यंत्रानं आपल्या अंदाजानं ठरवल्या होत्या, त्या तिनं स्वतः घातल्या, सकाळपासून रात्रीपर्यंत. रीस्टार्ट हवा असेल तेव्हा आधी कळवायचं, ते चालू केलं. महिना-महिना सगळंच थांबवून ठेवायचं मात्र तिनं सोडून दिलं. शनिवारी दुपारी काम नसतं, तेव्हा बसून करायचं.

"आणि शनिवारी मी विसरले, तर आठवण कर," ती म्हणाली. "आठवण. बाकी काही नको."

"चलो, ठीक आहे," गौरव म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

पावसाळा संपता संपता चौकशीचा निकाल लागला. वकिलानं दुभाष्याबद्दलची हरकत लेखी दिली होती. भल्ला साहेबांनी ती नोंदवून घेतली आणि खाली लिहिलं, की प्रश्न पुन्हा विचारून उत्तर नव्यानं घेतलं आहे. जाळी पाळी सुरू होण्याआधीच काढलेली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे प्रणिताला क्लार्कबाईंकडून कळलं.

त्यानंतर एका दुपारी पार्वतीचा फोन आला. कारखान्यानं तिला आता पॅकिंगला घेतलं होतं. डाव्या हातानं चिकटपट्टी लावायला जमू लागलं होतं.

"तुमाले एक सांगाचं राहेल व्हतं, ताई," ती म्हणाली. "आमच्याकडं सगळ्या मशिनींवर जाळ्या बसवल्या. माल कमी निघते म्हून सुपरवायझर लय बोंबलते. पन बसवल्या."