गणित नको त्यात

बुरुलने लोकरीच्या गुंड्यातून हातभर दोरा ओढला, दातांनी तोडला आणि पुन्हा एकदा म्हणाली,

"दुधावरच करू या ना पाठ. मापं होतील, चित्र होईल, निबंधही होईल."

जीपारा बाई हसल्या. एकाच विषयाभोवती सगळे तास कसे गुंफायचे, हे शिकवायला त्या शहरातून नारीन प्रांतातल्या या डोंगरगावच्या शाळेत आल्या होत्या.

"अगं, प्रत्येक शाळेत मला दूधच पाजलंय! पोट भरलं. तू सात बाप घे. सात पिढ्यांची नावं मुलांना पाठ असतातच. नावं भाषेत, दोरा हस्तकलेत. दोऱ्यावर प्रत्येकाच्या जन्माची गाठ मारायची, वर्षाला एक सेंटिमीटर. झालं गणित!"

"गणित नको त्यात."

"का गं?"

बाकीच्या शिक्षिका चहा ढवळायच्या थांबल्या. त्या गावातल्याच, त्यांना सगळं ठाऊक होतं. एकीने तळलेल्या कणकेच्या बोरसोकांची ताटली उगाच पुढे सरकवली.

"काही नाही," बुरुल म्हणाली.

काय सांगणार होती? पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या ओटीत घालायचं, ही तिथली रीत. बुरुलची थोरली अकमारल अंगावर पीत होती तेव्हाच सासूबाईंनी तिला उचलून आपल्या अंथरुणात नेलं. तेव्हापासून ती त्यांना आई म्हणते, सासऱ्यांना बाबा, बुरुलच्या नवऱ्याला दादा. आणि बुरुलला शाळेत बाई, घरी वहिनी.

"लग्नाला आली की सांगू," सासूबाई बजावायच्या. "तोवर तोंड उघडलंस तर म्हाताऱ्याचं काळीज फुटेल, सांगून ठेवते."

शेवटी गणितासकट सात बापच ठरले. पाठाच्या दिवशी जीपारा बाई मागच्या बाकावर बसल्या. नावं तर धडाधड झाली. अकमारलने एका दमात सात बाप म्हटले आणि ऐटीत वेणी मागे टाकली. मग घरून विचारून आणलेली जन्मसालं आणि पट्ट्या निघाल्या, गाठी पडल्या, दोरे फळ्यावर टांगले गेले. सगळ्यांची पहिली दुसरी गाठ, म्हणजे मूल आणि बाप, जवळजवळ. अकमारलची दुसरी गाठ मात्र पार फळ्याखाली लोंबत होती.

"बाई, हिचा बाप डायनोसॉर आहे!" एर्किन ओरडला.

"तुझा गाढव आहे," अकमारल म्हणाली.

"मधला एक बाप गळलाय बघ तुझा! सात बाप माहीत नाहीत तो गुलाम, म्हणतात!"

वर्ग खदाखदा हसला. बुरुल पुढे झाली. "मोजायला चुकलं असेल. आण इकडे."

"नाही बाई. दोनदा मोजलंय."

जीपारा बाई तर उभ्याच राहिल्या, डोळे लुकलुकत. "सांगू नकोस हं, बुरुल! अंतर का वाढलं? तिलाच शोधू दे. हाच तर पाठ!"

बुरुलच्या हातातला खडू मोडला.

अकमारलने आपला दोरा काढला. दोन गाठींमधली लोकर मधोमध दुमडली आणि एर्किनच्या पहिल्या दोन गाठींना लावली. बरोब्बर जुळली. ती त्या दुमडीकडे बघत राहिली. मग तिथे एक गाठ मारली. सावकाश.

"शाब्बास! आता सांग, कोणाची ही गाठ?"

शेगडीतला कोळसा तडकला. अकमारलने मान वर केली. बुरुलच्या तोंडाकडे नाही, तिच्या मोडक्या खडूकडे बघितलं.

"कुणाची नाही," ती म्हणाली. "मोजायला चुकले मी." आणि नखाने गाठ सोडवायला लागली.

"गणिताची बाजू जरा कच्ची राहिली," जाताना जीपारा बाई म्हणाल्या. "बाकी गुंफलंस छान."

वर्ग रिकामा झाल्यावर बुरुलने तो दोरा हातात घेतला. गाठ नव्हती, पण लोकर तिथे मुडपली होती. तिने ती बोटांनी ओढली, ओली करून ओढली. सरळ होईना.

फाटकाशी सासरे घोडा घेऊन उभे होते, रोजच्यासारखे. "कुठंय माझी पोर?"

"बाबा!" अकमारल रोजच्यापेक्षा जोरात ओरडली, मागे चढून बसली आणि म्हाताऱ्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

रोज ती वरून हाक द्यायची, 'वहिनी, लवकर ये गं!' आजही तिने वळून बघितलं. ओठ हलले. बुरुल दारात दोरा धरून वाट बघत राहिली.

घोडा वळला.